ऑगस्टस डेस्टे यांचे डोळे: मल्टिपल स्क्लेरोसिसच्या एका जुन्या रुग्णाचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर १८२२ मध्ये २८ वर्षांचा एक इंग्रज तरुण रॅम्सगेटहून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एका नातेवाइकाकडे निघाला. त्या नातेवाइकावर त्याची वडिलांवर असावी तशी माया होती. तो पोहोचला तेव्हा ते वारलेले होते. अंत्यविधीला बरीच माणसं जमली होती. चारचौघांत रडू नये म्हणून त्याने खूप धडपड केली, पण रडू आवरलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत आलेली पत्रं त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, उत्तरंही दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली. बारीक वस्तूवर नजर रोखली की ती पुसट व्हायची. वाचायला किंवा लेखणीला टोक काढायला बसेपर्यंत डोळ्यांना काही झालंय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढे तो आयर्लंडला गेला. डोळ्यांसाठी काहीही उपाय केला नाही आणि नजर पूर्ववत स्वच्छ झाली.

हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव ऑगस्टस डेस्टे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा हा नातू. वडील राजपुत्र, आई उमरावाची मुलगी. पण राजाची परवानगी न घेता लग्न केलं म्हणून ते १७९४ मध्ये, म्हणजे ऑगस्टस जन्मला त्याच वर्षी, रद्दबातल ठरवलं गेलं. राजघराण्यातला असूनही राजघराण्याचा नाही, अशा अवस्थेत तो वाढला, सैन्यात गेला, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत होता. पुढच्या आयुष्यात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी त्याने मनापासून काम केलं. डिसेंबर १८४८ मध्ये, ५४ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याची डायरी जवळजवळ शतकभर कुणाच्या लक्षात आली नाही. १९४० च्या दशकात डग्लस फर्थ यांनी ती उजेडात आणली, तेव्हा मज्जाविकारांच्या डॉक्टरांना तिच्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, पायरीपायरीने उलगडत गेलेला दिसला.

एमएसचा विचार करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चालणं अडलेला रुग्ण येतो. डेस्टे यांचेही पाय गेले. पण पायांच्या पाच वर्षं आधी डोळे बोलले होते. दर वेळी ते बरे झाले आणि दर वेळी त्यांच्यामागे वेगळंच कारण असावं असं वाटलं: आधी शोक, मग पित्त. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून पायांपेक्षा मी डोळ्यांपाशीच थांबणार आहे.

नस एकच, पण वेष्टण कुणाचं?

मेंदूशी थेट जोडलेल्या नसांच्या १२ जोड्या असतात. त्यांना क्रेनिअल नर्व्ह म्हणतात. बघणं, डोळे फिरवणं, चेहऱ्याची संवेदना, चेहऱ्याचे हावभाव, ऐकणं, तोल, गिळणं, बोलणं ही कामं त्यांच्यामार्फत चालतात. या नसांतल्या बहुतेक तंतूंवर मायेलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं. त्यामुळे संदेश वेगाने पुढे जातो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या वेष्टणावरच उलटली की संदेश मंदावतो किंवा वाटेतच अडतो. तंतू मात्र सुरुवातीला बऱ्याच अंशी शाबूत असतो, म्हणूनच रुग्ण बरा होऊ शकतो.

आता खरी खुबी अशी की मायेलिन दोन प्रकारच्या पेशी बनवतात. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत ते काम ऑलिगोडेंड्रोसाइट करतात. बाहेरच्या नसांवर ते श्वान पेशी (थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावावरून) करतात. एमएसचा हल्ला पहिल्या प्रकारच्या मायेलिनवर असतो. गियाँ-बारे सिंड्रोमचा, म्हणजे जीबीएसचा, दुसऱ्यावर. तिसऱ्या ते बाराव्या क्रमांकाच्या नसा मेंदूच्या देठापाशी आहेत. देठाच्या आतला त्यांचा भाग पहिल्या प्रकारच्या मायेलिनने झाकलेला असतो. बाहेर पडल्यावर काही मिलिमीटरच्या आत वेष्टण बदलतं. म्हणजे चेहऱ्याची सातवी नस एमएसमध्येही लुळी पडू शकते आणि जीबीएसमध्येही. पण एमएसमध्ये घाव देठाच्या आत असतो आणि जीबीएसमध्ये बाहेर. पाचव्या नसेच्या मुळाशी असा घाव झाला की दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी विजेचा झटका बसावा तशी कळ गालात येते. तरुण माणसाला अशी कळ येत असेल, आणि दोन्ही बाजूंना येत असेल, तर एमएसची शंका घ्यायलाच हवी.

दुसरी नस, दृष्टीची, सगळ्यांत निराळी. तिला नस म्हणतात खरं, पण ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. गर्भात ती मेंदूतून वाढत पुढे येते, मेंदूची आवरणं तिच्यावर असतात, आणि तिच्यातल्या सुमारे १० ते १२ लाख तंतूंवरचं मायेलिन थेट डोळ्याच्या मागपर्यंत ऑलिगोडेंड्रोसाइटचंच असतं. त्यामुळे एमएसला ती लांबच्या लांब उघडी मिळते. एमएसच्या बऱ्याच रुग्णांत पहिलं लक्षण याच नसेचा दाह हे असतं. जीबीएसमध्ये ती सहसा सुटते, तेही याच कारणाने.

१८२२: नजर पुसट होणं

डेस्टे यांची पहिली नोंद वाचताना मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. लांबचं दिसणं एकदम गेलं असं नव्हे, तर बारीक काम अडलं. वाचन आणि लेखणीचं टोक ही मध्यबिंदूच्या नजरेची कामं आहेत, आणि दृष्टीच्या नसेच्या दाहात मध्यबिंदूची नजरच जास्त करून जाते. दुसरी गोष्ट, त्रास थोड्याच दिवसांत जाणवला आणि नंतर ओसरला. तिसरी, उपचाराशिवाय ओसरला.

हे आपोआप बरं होणं आजच्या माहितीशी नीट जुळतं. अमेरिकेत १९८८ ते १९९१ दरम्यान दृष्टीच्या नसेचा दाह झालेल्या ४५७ रुग्णांवर एक मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात औषध नसलेल्या गोळ्या मिळालेल्या रुग्णांचीही नजर वर्षभरात बहुतांशी चांगली सुधारली. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने सुधारणा लवकर झाली, पण शेवटची नजर फारशी वेगळी नव्हती. आणि नुसत्या तोंडाने घेतलेल्या नेहमीच्या मात्रेतल्या स्टेरॉइडने उलट दाह पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण वाढलं. गल्लीतल्या दुकानातून गोळ्या आणून डोळ्याला ‘सूज’ आहे म्हणून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

त्याच रुग्णांना पुढे १५ वर्षं पाहिलं गेलं. त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना एमएस झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही घाव नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं; एक किंवा जास्त घाव असलेल्यांत ७२ टक्के. म्हणजे डोळा बरा होतो, पण मेंदूच्या चित्रात काय आहे त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो.

डेस्टे यांचा डोळा तपासायला त्या वेळी काय होतं? काहीच नाही. बाहुलीतून आत पाहण्याचं यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडलं. तोवर डेस्टे यांना जाऊन दोन वर्षं उलटली होती. गुडघ्यावर ठोकून प्रतिक्षेप बघण्याची पद्धत तर १८७५ ची. त्यामुळे डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. रुग्णाच्या तोंडच्या हकिकतीखेरीज त्यांच्या हातात काही नव्हतं.

शोकाबद्दल दोन शब्द. अंत्यविधीला रडू दाबलं आणि डोळे गेले, असं डेस्टे यांनी थेट म्हटलेलं नाही, पण नोंदीचा क्रमच वाचणाऱ्याला तिकडे ओढतो. आपल्याकडेही ‘मनाला लावून घेतलं म्हणून झालं’ हे किती सहज म्हटलं जातं! ताणाच्या काळात एमएसचे झटके काहीसे जास्त येतात असं काही पाहण्यांत दिसलं आहे. पण मायेलिन झडण्याची प्रक्रिया रक्तातल्या प्रतिकारपेशी मेंदूत शिरण्यापासून सुरू होते. ती अश्रूंनी सुरू होत नाही, आणि अश्रू दाबल्यानेही नाही.

१८२७, फ्लॉरेन्स: एकाच्या दोन वस्तू

मधल्या वर्षांत दृष्टीची तक्रार पुन्हा डोकावून गेली आणि निवळली. ऑक्टोबर १८२७ मध्ये ते इटलीत, फ्लॉरेन्सला होते, तेव्हा मोठा झटका आला. आधी नजरेचा गोंधळ, मग ६ नोव्हेंबरच्या सुमारास प्रत्येक वस्तू दोन दिसू लागली. पुढचं वाक्य त्यांनी असं लिहिलं आहे की प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगळी झाली.

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. दोन-दोन दिसतं असं रुग्ण म्हणाला की डॉक्टरने पहिला प्रश्न विचारायचा असतो: एक डोळा झाकल्यावर जातं का? जात असेल तर दोन्ही डोळ्यांची सरळ रेष मोडली आहे, म्हणजे त्यांना फिरवणाऱ्या नसांत किंवा देठातल्या जोडतारांत बिघाड आहे. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल तर दोष बहुधा बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात किंवा नेत्रमण्यात. प्रत्येक डोळा आपापलं चित्र नीट बघतोय पण दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत, हा पहिला प्रकार एका अशिक्षित म्हणता येणार नाही पण डॉक्टरही नसलेल्या माणसाने दोन शतकांपूर्वी एका ओळीत टिपून ठेवला.

एमएसमध्ये असं दोन दिसण्याच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, सहाव्या नसेचा देठातला भाग. मग तो डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही आणि त्या बाजूला बघताना चित्रं आडवी लांब जातात. दुसरी, सहाव्या नसेच्या केंद्राला पलीकडच्या तिसऱ्या नसेच्या केंद्राशी जोडणारा बारीक पट्टा. तो तुटला की बाजूला बघताना एक डोळा बाहेर जातो, दुसरा आत येत नाही, आणि बाहेर गेलेला डोळा थरथरतो. तरुण माणसात ही खूण दोन्ही बाजूंना दिसली तर एमएस यादीत सगळ्यात वर. म्हाताऱ्या माणसात एकाच बाजूला दिसली तर आधी लकव्याचा विचार करायचा. डेस्टे यांच्या बाबतीत मी दुसऱ्या वाटेकडे झुकतो. त्यांनी आधी ‘गोंधळ’ आणि काही दिवसांनी ‘दोन’ असं लिहिलं आहे. जोडपट्ट्याच्या बिघाडात रुग्ण सुरुवातीला असंच सांगतात: दोन दिसत नाही, पण मान फिरवली की सगळं मागे राहतं, डचमळतं. तरी हा अंदाजच आहे, कारण वर्णनात दिशा दिलेली नाही.

फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी पित्ताचा प्रकोप ठरवला. कपाळाच्या बाजूला दोनदा जळवा लावल्या, जुलाब दिले, वांती करवली, दोनदा दंडातून रक्त काढलं. त्यात एकदा तर रक्त येईना. डोळे सुधारले. पुन्हा एकाची एकच वस्तू दिसू लागली, ते बाहेर फिरू लागले. जळवांना श्रेय मिळालं असणार. खरं तर सूज ओसरली, उघड्या पडलेल्या तंतूंनी संदेश नेण्याची पर्यायी सोय केली आणि काही मायेलिन पुन्हा चढलं.

लगेच पुढे पायांतली ताकद दिवसेंदिवस कमी होत गेली. पाय गळाल्यामुळे ते खोलीत पडले आणि सुमारे तीन आठवडे त्या अवस्थेत राहिले. मग दुसऱ्या सल्ल्याने दिवसातून दोनदा गोमांस, भरपूर वाइन, अंगाला ब्रशने चोळणं. तेही लागू पडलं असं वाटलं, कारण हाही झटका आपल्या गतीने ओसरला.

यानंतरचं मी भराभर सांगतो. १८२८ पासून पाठीच्या कण्याच्या टोकाशी आणि खालच्या भागात बधिरता, लघवीची अडचण, पौरुषावर परिणाम. ही मज्जारज्जूतल्या घावाची लक्षणं. जर्मनीतल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर स्नानं. १८४० च्या दशकात चक्कर येणं, रात्री हातापायांत झटके, आणि शेवटी चाकांची खुर्ची. पहिली वर्षं येऊन-जाऊन, नंतरची वर्षं सावकाश पण न थांबता उतरती. आज आपण याला आधी झटक्यांचा आणि पुढे वाढता एमएस म्हणतो.

दुसरं काही असेल का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, कारण दोन्ही डोळे एकाच वेळी पुसट झाले असं डेस्टे यांच्या पहिल्या नोंदीवरून दिसतं. प्रौढांच्या एमएसमध्ये सहसा एकच डोळा जातो. दोन्ही एकदम गेले तर आज आम्ही न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आणि मॉग (मायेलिनवरचं एक प्रथिन) प्रतिपिंडांचा आजार या दोघांना आधी शोधतो. पहिल्यात प्रतिपिंडं ॲक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाहिनीवर हल्ला करतात. ही प्रतिपिंडं २००४ मध्ये ओळखली गेली. त्या आजाराचे झटके जबर असतात आणि उपचार न मिळाल्यास बहुधा कायमचं अंधत्व किंवा लुळेपण मागे ठेवतात. डेस्टे यांचे डोळे प्रत्येक वेळी पूर्ण सुधारले. मॉगमध्ये अशी छान सुधारणा होते. पण झटक्यांशिवाय वर्षानुवर्षं हळूहळू उतरत जाणं त्यात क्वचितच आढळतं, आणि डेस्टे यांचा उत्तरार्ध तर तसाच आहे. २५ वर्षांचा हा सगळा पट एकत्र ठेवला की एमएसच सगळ्यांत चांगला बसतो.

जीबीएस बसत नाही, हे इथल्या वाचकासाठी थोडं उलगडून सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात आणि आजूबाजूच्या गावांत जीबीएसचा उद्रेक झाला, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, आणि हे तीन अक्षरी नाव घरोघरी पोहोचलं. त्यात दूषित पाण्यातल्या कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा हात असल्याचं पुढे आलं. जीबीएसमध्येही क्रेनिअल नर्व्ह सापडतात: दोन्ही बाजूंचा चेहरा लुळा पडतो, गिळता येत नाही. त्याचाच एक प्रकार चार्ल्स मिलर फिशर यांनी १९५६ मध्ये तीन रुग्णांवरून वर्णन केला. त्यात डोळे फिरत नाहीत, तोल जातो आणि प्रतिक्षेप नाहीसे होतात. म्हणजे दोन-दोन दिसणं तिथेही असतं. पण जीबीएस चार आठवड्यांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरतो. तो सहसा एकदाच येतो. आधी डोळे, पाच वर्षांनी पुन्हा डोळे, मग पाय, मग लघवी अशी हप्त्याहप्त्याने फेरी तो मारत नाही.

डेस्टे हयात असतानाच, १८३८ मध्ये, रॉबर्ट कार्सवेल यांनी मज्जारज्जूवरच्या अशा घावांची चित्रं छापली होती. पण ती शवविच्छेदनातली होती; त्यांवरून रुग्णांच्या तक्रारींचा उलगडा झालेला नव्हता. तक्रारी आणि घाव यांची सांगड घालून या आजाराला स्वतंत्र ओळख फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसला दिली. डेस्टे यांना आपल्या आजाराचं नाव कधीच कळलं नाही.

आज ते आले असते तर

पहिल्याच वेळी विचारलं असतं: डोळा फिरवताना दुखतं का, लाल रंग फिका दिसतो का. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुल्यांची तुलना केली असती, अर्थात दोन्ही डोळे सारखेच बिघडले असतील तर ही तुलना फसवते. मेंदूचा, मज्जारज्जूचा आणि डोळ्यांच्या खोबणीचा एमआरआय, पाठीतलं पाणी, ॲक्वापोरिन आणि मॉगची प्रतिपिंडं, दृष्टिपटलाच्या थरांची जाडी मोजणारी ओसीटी. बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र बदलत ठेवून डोक्यावरून नोंदवायची व्हीईपी तपासणीही, कारण नजर सुधारल्यावरही संदेशाला लागणारा उशीर बहुधा त्या आलेखात राहून जातो. बऱ्या झालेल्या डोळ्याची जुनी साक्ष काढायची ही चांगली वाट आहे.

एक बदल मला विशेष समाधान देतो. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष २००१ मध्ये आले, आणि घाव कुठे-कुठे आहेत हे मोजताना त्यांच्यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चार जागा धरल्या जायच्या. दृष्टीची नस त्यात नव्हती, रुग्ण तिच्याच तक्रारीने आलेला असला तरी! २०२४ च्या सुधारणेत ती पाचवी जागा झाली. त्यामुळे डेस्टे यांच्यासारख्या रुग्णाचं निदान आता पहिल्याच झटक्यात होण्याची शक्यता वाढली आहे, आणि पुढचे झटके रोखणारी औषधं वेळेत सुरू करता येतात.

भारतात एमएस दुर्मीळ मानला जायचा. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की पारशी समाजात तो बाकीच्यांपेक्षा बराच जास्त आहे. एमआरआय पसरला तसा तो सगळ्याच समाजांत सापडू लागला. तरी इथे ॲक्वापोरिनचा आजार नजरेआड करून चालत नाही, कारण बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब अशी एमएसची काही औषधं त्या आजारात रुग्णाची स्थिती आणखी बिघडवू शकतात. म्हणून दोन्ही डोळे एकदम गेलेल्या, किंवा एक डोळा जाऊन पुरेसा न सुधारलेल्या रुग्णाला एमएसचं औषध सुरू करण्याआधी प्रतिपिंडांचा रिपोर्ट हातात घ्यावा. आणि पाय जड झाले, बधिर झाले म्हणून येणाऱ्या तिशीतल्या रुग्णाला पायांची तपासणी संपायच्या आत विचारावं: मागच्या काही वर्षांत कधी महिनाभर वाचायला त्रास झाला होता का, कधी एकाच्या दोन वस्तू दिसल्या होत्या का? बरेच जण ‘हो, पण ते गेलं’ असं उत्तर देतात. ते उत्तर तारखेसकट केसपेपरवर लिहायचं असतं.